जगदाळे मामांचं ‘चालेल’

पुण्याला मुलाकडे येऊन मला वर्ष होत आलं. इथे दिवसातून पन्नास वेळा ‘चालेल’ हा शब्द कानावर पडतो. दूधवाला म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, आमची सूनबाई म्हणते. चहा टाकू? चालेल. प्लंबरला मंगळवारी पाठवू? चालेल. म्हणणाऱ्याचं निम्मं लक्ष मोबाइलमध्ये असतं आणि मंगळवारी प्लंबर येत नाही. अशा वेळी मला ग्वाल्हेरच्या जगदाळे मामांची हटकून आठवण येते. हा शब्द त्यांच्या तोंडून वर्षाकाठी फार तर सात-आठ वेळा निघायचा, आणि तो निघावा म्हणून चांगली धट्टीकट्टी माणसं त्यांच्या दारात तासन्‌तास ताटकळत उभी असायची.

मामा म्हणजे वसंतराव जगदाळे. बिर्लानगरात गिरणी कामगारांच्या जुन्या घरांच्या ओळींमागे त्यांचं घर आणि घरापुढच्या अंगणात पत्र्याखाली गॅरेज. गिरणी चालू होती तोवर मामा तिथे फिटर होते. ती बंद पडली तेव्हा त्यांनी गाड्या उघडायला सुरुवात केली. घराणं मूळचं साताऱ्याकडचं, शिलेदारांचं. पणजोबा घोड्यांना चाल शिकवायचे एवढं एकदा सांगितलं होतं, पण त्याचा कधी तोरा मिरवला नाही. उंच, सडपातळ अंग, पांढरी मिशी, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट. त्या शर्टावर तेलाचा डाग मी कधी पाहिला नाही. काम संपलं की हात बेसनाने धुवायचे. त्यावरून मामींचं आणि त्यांचं रोज वाजायचं, कारण घरात बेसनाचा डबा एकच होता.

त्यांना मामा कोणी केलं देव जाणे. आमच्याकडे हिंदीत वाहतूक पोलिसालाही मामाच म्हणतात. त्यामुळे ‘मामाने पकड़ लिया’ असं कोणी म्हणालं की कुठल्या मामाने, हे विचारावं लागायचं. चौकातला मामा हातापाया पडलं तर एखाद वेळी सोडून देई. बिर्लानगरचा सोडत नसे.

मामांचा खरा लौकिक होता तो साध्या गाडीची वेगवान गाडी करण्यात. लहानशा, दिसायला गरीब गाडीत ते असा काही जीव घालत की झाशी रोडवर मोठमोठ्या गाड्यांचे मालक आरशात बघत राहायचे. पण ही त्यांची निम्मीच विद्या. उरलेली निम्मी कोणाला नको असायची आणि मामा ती आधी गळ्यात मारायचे.

“पळेल कोणाचीही,” ते म्हणायचे. “उतारावर सोडली तर हातगाडीपण पळते. चालेल का, ते बोला न.”

मामांच्या हिशेबी चालण्याची व्याख्या लांबलचक होती. मे महिन्याच्या दुपारी एसी लावून बाड्याच्या बाजारातल्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास रखडली तरी तापली नाही पाहिजे. चौकातल्या शिपायाने हात केला तर मालकाच्या पोटात गोळा येता कामा नये. टायर चिखलफळीच्या बाहेर डोकावता कामा नये, समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत, शेजारचं तान्हं मूल उठता कामा नये. इंजिन बदललंय तर नोंदणीच्या पुस्तकात ते लिहिलेलं पाहिजे. आणि हे सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी घेऊन कामावर जाता आलं पाहिजे. एवढ्या सगळ्यातून गाडी पार पडली की मामा खिशातून खडू काढत आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला एकच शब्द लिहीत. बाहेरून तो कोणाला दिसत नसे. पण आतून तो आहे, हे मालकाच्या चेहऱ्यावरून ओळखता यायचं.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या टेबलावर. मी इंदरगंजात एका विमा कार्यालयात होतो. एक दिवस एक तरुण आला आणि आपल्या गाडीत काय काय बदललं आहे याची दोन पानी यादी त्याने माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, जगदाळे मामांनी पाठवलंय, हे सगळं पॉलिसीवर चढवून घ्या. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तीस वर्षांच्या नोकरीत विमा कंपनीला आपणहून खरं सांगायला आलेला हा पहिला इसम. त्याच संध्याकाळी मी बिर्लानगर गाठलं.

“लपवलं न, तर टक्कर झाल्यावर तुम्ही लोक ओळख नाही दाखवत,” मामा म्हणाले. “तुमची चूक नाही आहे. गाडी एक विमा उतरवलेली, आणि ठोकली दुसरीच.”

हे वाक्य नंतर मी कार्यालयात पुष्कळदा माझं म्हणून वापरलं.

तेव्हापासून माझं तिथे जाणं-येणं सुरू झालं. मी स्वतः चौथ्या गिअरच्या पुढे कधी गेलो नाही, पाचवा माझ्या गाडीला शोभेपुरता आहे. पण मामांना बघत बसायला मला आवडायचं. त्यांची तऱ्हाच वेगळी. कोणी इंजिनाचं काम घेऊन आला की ते त्याच्या इंजिनाकडे ढुंकूनही बघत नसत. आधी ब्रेक आणि टायर करून आण, मग बोलू. तरणीताठी पोरं हिरमुसायची. ब्रेकचा काय रुबाब दाखवणार? मित्रांसमोर बॉनेट उघडून इंजिन दाखवता येतं.

मामांनी मला याचं कारण एकदा प्रात्यक्षिकासह दाखवलं. शिवपुरीच्या रस्त्याने आम्ही त्यांच्या मळकट पांढऱ्या गाडीतून चाललो होतो. रस्ता मोकळा होता, मामांनी थोडा वेग घेतला होता, थोडा म्हणजे त्यांच्या मानाने. डावीकडच्या बाभळींतून एक म्हैस निघाली आणि रस्त्याच्या मधोमध येऊन विचार करायला उभी राहिली. मी डोळ्यांवर हात ठेवले, हे कबूल करतो. हात काढले तेव्हा गाडी सरळ रेषेत, आपल्या ओळीत, म्हशीपासून चांगली दोन हात अलीकडे उभी होती. माझ्या मांडीवरची गजकाची, म्हणजे तिळाच्या वड्यांची, पिशवीसुद्धा पडली नव्हती. मामांनी हॉर्न नाही वाजवला. म्हैस जाईपर्यंत थांबले आणि मला म्हणाले, “इंजिन असतं तर काय केलं असतं इथे?” मी अजून म्हशीकडेच बघत होतो.

भलत्या आवाजाच्या सायलेन्सरवरचा त्यांचा इलाज तर अंगणात सगळ्यांदेखत चालायचा. एक जण अशी गाडी घेऊन आला की गल्लीतली कुत्री आधी आली आणि गाडी मागून. मामांनी त्याला गाडी बंद करू दिली नाही. म्हणाले, “चालू राहू दे. आत बैस, काच वर कर आणि आईला फोन लाव. म्हण, जेवायला येतो आहे.” त्याने लावला. आतून तो ओरडतोय, पलीकडून आई हॅलो, हॅलो करतेय. शेवटी तिने वैतागून फोन ठेवला आणि लगेच दुसऱ्या कोणाला तरी लावला, कारण दोन मिनिटांत त्याच्या मोठ्या भावाचा फोन आला, काय झालं, कुठे आहेस, अपघात तर नाही न. पोराने आठवड्याभरात मूळचा सायलेन्सर परत बसवला.

आणि शेवटची परीक्षा कढीची. खडू खिशातून निघायच्या आधी गाडीला ‘कढीची फेरी’ करावी लागे. मामींची धाकटी बहीण सराफ्यात राहायची. मामी मागच्या सीटवर बसत, मांडीवर काठोकाठ भरलेलं कढीचं पातेलं, झाकण न लावता. बिर्लानगरातून निघायचं, इंदरगंजाचा चौक, बाडा, मग सराफ्याच्या अरुंद गल्लीतून बहिणीच्या दारापर्यंत. गाडी आखडून चालली, खड्ड्यात आदळली, क्लच धरताना हिसका बसला तर कढी मामींच्या साडीवर. साडी कोरी राहिली तर गाडी पास. वाटेत मामींना बहिणीच्या सुनेबद्दल जे बोलायचं असे ते त्यांनी नेहमीच्या आवाजात बोलायचं, आणि पुढे बसलेल्या मामांना ते ऐकू आलं पाहिजे, ही दुसरी अट. त्या बहिणीच्या घरी सगळ्यांनी एकूण किती कढी प्यायली असेल, याचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येऊन गेला.

आता सईची गोष्ट सांगायला हवी. सई माझी मुलगी. फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांच्या पाठी आणि गुडघे सरळ करते, आणि तिला गाड्यांचं वेड आहे. हे माझ्याकडून आलेलं नाही, तिच्या आईकडूनही नाही. तिने स्वतःच्या कमाईतून एक जुनी छोटी गाडी घेतली आणि त्यात त्याच कंपनीचं मोठं इंजिन बसवायचं ठरवलं. मी हबकलो. म्हणालो, बाई, आहे त्यात काय कमी आहे? ती म्हणाली, “बाबा, तुम्ही न, मतलब समझतच नाही.” आणि मामांकडे गेली.

मामांनी नेहमीप्रमाणे आधी तिला ब्रेकला लावलं. पण या गाडीत त्यांचा जीव गुंतला होता त्याला दुसरं कारण होतं. फेरफार केलेल्या गाड्या शहरात लपूनछपून फिरत, आणि त्यांचे मालक परिवहन कार्यालयाच्या रस्त्याला फिरकत नसत. मामा गेलं वर्षभर त्या कार्यालयात खेटे घालत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. नियमात वाट आहे. आधी परवानगी घ्यायची, मग इंजिन बदलायचं, मग गाडी दाखवून नोंद करून घ्यायची. लोक त्या वाटेने येत नाहीत कारण त्यांना वाटतं की तुम्ही हाकलून द्याल, आणि तुम्हाला वाटतं की सगळे चोर आहेत. मी आणतो, तुम्ही बघा. तिथला निरीक्षक भला माणूस निघाला. म्हणाला, एक गाड़ी ले आइए, आपके भरोसे पर देख लेते हैं. ठीक निघाली तर बाकीच्यांनाही बोलवा. मामांच्या वहीत आणखी चार नावं होती. त्या चौघांनी आपल्या गाड्या झाकून ठेवल्या होत्या आणि सईच्या निकालाकडे डोळे लावून बसले होते. सईच्या गाडीची परवानगी आली आणि मगच मामांनी तिच्यात मोठं इंजिन बसवलं.

गाडीच्या धुराच्या नळीत एक डबा असतो, कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या आत बारीक जाळी असते आणि तिच्यातून जाताना धुरातलं विष बरंचसं मरतं. मोठ्या इंजिनाच्या गाडीत हा डबा कंपनीच जरा बुडाच्या बाजूला बसवते. सईच्या गाडीत तो वर, इंजिनाला चिकटून होता. नळीचं काम मामा करत नसत. त्यांनी सईला सांगितलं, “सायलेन्सरवाल्याकडे जा, आणि कन्व्हर्टर तेवढा खाली करवून आण.”

सई गेली. सायलेन्सरवाल्याला तिने हिंदीत सांगितलं, “भैया, कन्वर्टर ख़ाली करवाना है.”

पुण्याच्या वाचकाला इथे काही खटकणार नाही, ग्वाल्हेरच्या माणसाच्या अंगावर मात्र काटा येईल. मराठीत खाली म्हणजे तळाशी. हिंदीत ख़ाली म्हणजे रिकामं. आमच्या घरांतून हा शब्द दोन्ही अर्थांनी नांदतो. ‘डबा खाली ठेव’ म्हटलं की मूल तो जमिनीवर ठेवतं, ‘डबा खाली कर’ म्हटलं की त्यातला लाडू खातं. पिढ्यान्‌पिढ्या आमचं यामुळे काही अडलं नाही. सायलेन्सरवाला तर खूश झाला, कारण असलं काम करून घेणारे पुष्कळ येतात, जाळी काढली की इंजिन जरा मोकळं ओढतं. त्याने डबा कापला, आतली जाळी काढून टाकली, डबा पुन्हा जोडून होता तिथेच बसवला. सईला वाटलं, मामांनीच सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार.

ती परत आली तेव्हा मामांनी विचारलं, “खाली केला न?”

“हो मामा, पूर्ण खाली केला.”

एरवी मामा गाडीखाली गेल्याशिवाय राहायचे नाहीत. त्या दिवशी नाही गेले. कढीची फेरी मात्र झाली. मामी मागून म्हणाल्या, “अहो, डोळे चुरचुरून राहिलेत माझे.” मामा म्हणाले, “सराफा आहे, सोनार तेजाब उकळत असतील.” साडी कोरी राहिली. मामांनी बॉनेट उघडलं आणि खडूने लिहिलं.

दोन दिवसांनी परिवहन कार्यालयाच्या आवारात गाडी उभी राहिली. मी विम्याचे कागद घेऊन सोबत होतो. वहीतले चौघेही आले होते, लांब झाडाखाली उभे. धूर तपासायची नळी लावली आणि यंत्रावरचे आकडे बघून निरीक्षकांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा तपासलं. मग एका शिपायाला गाडीखाली पाठवलं. तो डब्यावर बोटांनी टकटक करून बाहेर आला आणि म्हणाला, “साहब, अंदर कुछ नहीं है.”

निरीक्षक मामांकडे वळले. आवाज चढवला नाही त्यांनी. “जगदाळे जी, आपने देखी थी?”

मामांना हो म्हणता आलं असतं. सायलेन्सरवाल्याने फसवलं म्हणता आलं असतं, आणि ते कोणालाही पटलं असतं. मामा म्हणाले, “नहीं साहब. इस बार नहीं देखी.”

“तो फिर बाक़ी गाड़ियाँ भी रहने दीजिए,” निरीक्षक म्हणाले आणि आत गेले.

सईचा चेहरा लाल झाला होता. “पण मामा, तुम्हीच तर म्हणालात खाली कर म्हणून. मी तर सायलेन्सरवाल्याला तेच बोलली, ख़ाली करना है.” मामांनी तिच्याकडे पाहिलं. तो शब्द त्यांच्या आत कुठून कुठे गेला ते मला समोर उभं राहून दिसलं. त्यांनी दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. मग बॉनेट उघडलं, खिशातला रुमाल ओला केला आणि आतला शब्द पुसून टाकला. झाडाखालचे चौघे केव्हा निघून गेले ते कळलंही नाही.

त्यानंतर तीन आठवडे मामांनी फेरफाराच्या गाडीला हात लावला नाही. तेल बदलायचे, पंक्चरवाल्याचा पत्ता सांगायचे. कोणी इंजिनाचं बोललं की म्हणायचे, दुसरा कोणी बघा. सईने नवा कन्व्हर्टर आणला, या वेळी हाताने खूण करून, बोट जमिनीकडे दाखवून जागेवर बसवून घेतला, आणि मला बरोबर घेऊन मामांच्या अंगणात गाडी उभी केली.

“मामा, बघून घ्या न.”

“मी नाही बघत आता.”

“का पण?”

तेव्हा मामी दारात आल्या. हाताला बेसन लागलेलं होतं. “मी सांगते,” त्या म्हणाल्या. “दिवाळीपासून पाठ वाकत नाही त्यांची. गाडीखाली गेले तर उठता येत नाही. काठीला आरसा बांधून बघतात, कोणी नसताना. मला शपथ घातली आहे सांगायची नाही म्हणून. तुझ्या गाडीला आरसापण नाही लावला, कारण काय तर सई बोलली न, मग झालं.”

सई मटकन त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसली. “माझा धंदाच पाठीचा आहे,” ती म्हणाली. “आणि मी रोज येऊन तुमच्या ब्रेक पॅडकडे बघत बसली.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा कावरेबावरे झाले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच असं पाहिलं. म्हणाले, “अगं, ज्याला दिसत नाही त्याने चालेल कसं म्हणायचं? नाही म्हणू शकत. बस.”

“तुम्हाला दिसत नाही असं कुठे आहे? मला दिसतं न. तुम्ही विचारा, मी सांगते.”

मामांनी मिशीवरून हात फिरवला. मग आत गेले, एक पुठ्ठा आणला, त्यावर खडूने लिहिलं, ‘इथे खाली म्हणू नये’, आणि खिळ्याला टांगला. सई गाडीखाली सरकली. मामा स्टुलावर डोळे मिटून बसले.

“काय दिसतं?”

“डबा.”

“कुठे?”

“खा... बुडाशी. गिअरबॉक्सच्या मागे, चार बोटं सोडून.”

“हलव.”

“नाही हलत.”

“बोटाने वाजव. कसा बोलतो?”

सईने टकटक केली. “भरलेला. आई पिठाच्या डब्यावर थाप मारते न, तसा.”

मामांनी डोळे उघडले. ते हसले नाहीत, पण मामी हसल्या. त्या दिवशी मामांनी शंभरएक प्रश्न विचारले असतील. प्रत्येक नटापर्यंत गेले. सई बाहेर आली तेव्हा तिचे केस तेलाने माखले होते आणि मामी बेसनाचा डबा घेऊन उभ्या होत्या.

पण मामा तिथेच थांबले नाहीत. दिवाळीनंतर आरशात बघून पास केलेल्या तीन गाड्या होत्या. त्यांनी तिन्ही मालकांना परत बोलावलं आणि सरळ सांगितलं, की मी नीट पाहिली नव्हती, ही मुलगी पाहील. दोन चांगल्या निघाल्या. तिसरीत मागचा टायर पूर्ण भरल्या गाडीत आतून घासत होता, ते आरशात दिसण्यासारखं नव्हतं. मामांनी ते काम करून दिलं आणि मग निरीक्षकांना एक अर्ज लिहिला. तो हिंदीत होता, पण मला वाचायला दिला म्हणून ठाऊक आहे. चूक कशी झाली, कोणाची झाली, त्यानंतर कुठल्या गाड्या परत तपासल्या, त्यात काय सापडलं, सगळं होतं. एका ओळीत आपली पाठ वाकत नाही हेही लिहिलं होतं. मी म्हटलं, मामा, एवढं कशाला? ते म्हणाले, “गाडीतला फेरफार लपवायचा नाही म्हणतो आणि माझा लपवू?”

दहा दिवसांनी कार्यालयातून फोन आला, गाड़ी ले आइए.

त्याच आठवड्यात आम्ही नवरा-बायको नातवासाठी पुण्याला यायला निघालो होतो. सामान बांधून झालं होतं. तरी मी गेलो. मामांना मी प्रत्यक्ष पाहिलं ते तेव्हाच, शेवटचं. सई ग्वाल्हेरातच आहे. संध्याकाळी दवाखाना संपला की बिर्लानगरात जाते आणि आधी मामांकडून पाठीचे व्यायाम करून घेते, असं कळतं. मामा व्यायामाला कां-कूं करतात, असंही कळतं.

त्या सकाळी आवारात पाच गाड्या होत्या. सईची पुढे, आणि मागे वहीतल्या चौघांच्या. मामांनी त्या चौघांना घरी जाऊन, समजावून आणलं होतं. धुराची तपासणी झाली. आवाजाची झाली. निरीक्षकांनी परवानगीचा कागद आणि इंजिनावरचा क्रमांक ताडून पाहिला. मग पेन उघडून त्यांनी मामांना मागचाच प्रश्न विचारला.

“देखी है न इस बार?”

“देखी इन्होंने है,” मामांनी सईकडे हात केला. “मैंने सुनी है.”

निरीक्षकांनी पेन बंद करून खिशाला लावलं, शिपायाकडून वर्तमानपत्र मागून घेतलं, ते जमिनीवर पसरलं आणि गणवेशासकट त्यावर गुडघे टेकले. सई पलीकडच्या बाजूने गाडीखाली शिरली आणि एकेक भाग दाखवून सांगू लागली. निरीक्षक मध्येच विचारत होते, ती उत्तर देत होती. ते बघून शिपाई वाकला. चौघे मालक पुढे आले आणि वाकले. काही कळत नसताना मीही वाकलो.

जरा वेळाने कंबरेत कळ आली म्हणून मी मान वर केली. त्या सगळ्या घोळक्यात मामा एकटेच सरळ उभे होते. हात मागे बांधलेले, डोळे मिटलेले. गाडीखालून सईचा आवाज येत होता आणि तिच्या प्रत्येक उत्तराला ते हळूच मान डोलावत होते.